टिटवी नाचते, भांडते की तुमच्यावर ओरडते?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही वर्धा जिल्ह्यात आर्वीकडच्या एका गावात शिकवता. शाळेमागे गावाचा बरड माळ आहे, मधे मधे बोरी-हिवराची झुडपं. डिसेंबरात तिथे तीसेक टिटव्या एका जागी बसलेल्या असायच्या. फेब्रुवारी सरता सरता त्या पांगल्या, आता चार जोड्या उरल्यात, दोन-दोन दिसतात आणि दिवसभर कल्ला चालतो. रोज संध्याकाळी तुम्ही अर्धा तास माळावर उभ्या राहून वहीत लिहिता: ‘नाच’, ‘भांडण’, ‘राग’, आणि 9 मार्चच्या पानावर ‘धुळीत अंघोळ’. कुणीतरी वही चाळून म्हटलं की निम्म्या नोंदी चुकीच्या आहेत, पण कुठल्या ते काही सांगितलं नाही. तुम्हाला हवंय ते असं: प्रणयाची हालचाल कोणती, हद्दीची कोणती, हे ओळखायचं कसं, हिवाळ्यात मांडीला मांडी लावून बसणारे पक्षी आता एकमेकांवर का धावतात, आणि शाळेतल्या मुलांना माळावर न्यायचं का.

मी पक्षिशास्त्र शिकलेला माणूस नाही. कृषी सहायक म्हणून वर्धा, यवतमाळ आणि अकोला जिल्ह्यांत नोकरी केली. दिवस वावरात आणि धुऱ्या-बांधावर गेले, पक्षी आपोआप पदरात पडले. 25 वर्षांच्या वह्या घरात आहेत. त्यातल्या पहिल्या चार-पाच वर्षांच्या तुमच्यासारख्याच आहेत, त्यामुळे तुमचा घोटाळा कुठे झालाय हे मला बऱ्यापैकी कळतंय.

तुम्ही पाहिलं ते बरोबरच पाहिलंय, पण दोन गोष्टी झाल्या. पहिली, हालचाल लिहायच्या जागी तुम्ही तिचा अर्थ लिहिलात. ‘नाच’ हा अर्थ आहे. ‘मान ताठ, चोच वर, अंगावरची पिसं फुगलेली, दुसरीच्या भोवती पाय घासत अर्धा फेरा’ ही हालचाल आहे. अर्थ नंतर कधीही बदलता येतो. न लिहिलेली हालचाल मात्र परत मिळत नाही. दुसरी गोष्ट याहून मोठी. त्या अर्ध्या तासात त्या माळावर घडणारी सगळ्यात मोठी घटना तुम्ही स्वतः होतात.

हे मला शिकवलं एका ढोरक्याने. नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. पुलगावच्या पलीकडे एका ई-क्लास, म्हणजे सरकारी चराईच्या, जमिनीवर मी तीन दिवस एका टिटवीच्या जोडीकडे पाहत उभा होतो. तिन्ही दिवस ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती आणि मी ‘अतिशय आक्रमक जोडी’ असं लिहीत होतो. चौथ्या दिवशी गवळाऊ गाई चारणारा म्हातारा जवळ येऊन म्हणाला, “सायेब, तुमी उभे हाव म्हून ते बोंबलून रायली. माह्या ढोराईत चाला, मंग पाहा.” मी गाईंच्या मधून त्यांच्या चालीने चालत गेलो. टिटवी चाळीस पावलांवर बसलेलीच राहिली. एकदा उठली, अंड्यांवर मान घालून काहीतरी नीट केलं, पुन्हा बसली. मी कळपातून दहा पावलं बाजूला झालो मात्र, की ती उठली आणि पुन्हा टिटीव-टिटीव सुरू. माझी ‘आक्रमक जोडी’ इतका वेळ फक्त माझ्याशीच आक्रमक होती.

म्हणून पहिलं काम स्वतःला चित्रातून काढण्याचं. गाईगुरांच्या, बैलबंडीच्या आडून पाहणं सर्वात सोपं. ते जमत नसेल तर गाडी पांदणीवर, म्हणजे वावरांमधल्या वाटेवर, लावून तिच्या सावलीत खाली बसा. उभं राहायचं नाही, बसल्यावर जागा बदलायची नाही. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांच्या नोंदी करा, पण त्यांच्यापुढे ‘मी असताना’ असं लिहून ठेवा आणि निष्कर्षात धरू नका. पक्षी तुम्हाला विसरला हे ओळखायला साधी खूण आहे. तो तुमच्याकडे पाठ करून चरायला लागतो, किंवा एका पायावर उभा राहून पिसं साफ करतो. मान मधेच हिसका देऊन वर-खाली करत असेल, तर तो अजून तुमच्याच विचारात आहे. ही मान हलवणं बरेच जण ‘नमस्कार’ किंवा ‘नाच’ म्हणून लिहितात. ते अस्वस्थपण आहे.

आता पक्षी कोणता, हेही पाहायला हवं. तुम्ही नुसतं ‘टिटवी’ लिहिलंय. आपल्याकडे माळावर दोन असतात. डोळ्यापुढे लाल मांस आणि चोच लाल, ती नेहमीची टिटवी. तिला जवळपास पाणी लागतं, म्हणून नाला, शेततळं, ओलिताचं वावर यांच्या आसपास असते. डोळ्यापुढे पिवळं, लोंबणारं मांस, डोक्यावर काळी टोपी, तिच्याखाली पांढरी पट्टी आणि पाय पिवळे, ती माळटिटवी. ती अगदी कोरड्या, मुरमाड जमिनीवर राहते, आवाज बारीक आणि तोडका, आणि स्वभावाने नेहमीच्या टिटवीपेक्षा मवाळ. माळटिटवी भारतीय उपखंडाबाहेर कुठेच नाही. शाळेमागचा माळ बरड असला तरी तुम्ही नाल्याचा उल्लेख केलाय, तेव्हा दोन्ही असण्याची शक्यता आहे. वहीत त्यांना वेगळं करा, कारण दोन वेगळ्या जातींचे पक्षी एकमेकांना हुसकावत असतील आणि तुम्ही ते एका जातीचं भांडण म्हणून लिहीत असाल, तर पुढचा सगळा हिशेब बिघडतो.

नर-मादीबद्दल एक सूचना. टिटवीत नर किंचित मोठा असतो, पंखांची लांबी साधारण 5 टक्के जास्त, पण दुर्बिणीतून हे कुणालाही सांगता येत नाही. तुम्ही ‘नर मादीभोवती फिरला’ असं चार ठिकाणी लिहिलंय. कशावरून? मीलन होताना पाहिलं तरच त्या जोडीपुरतं, त्या वेळेपुरतं नर-मादी लिहावं. नाहीतर ‘अ’ आणि ‘ब’ पुरे.

ओरडण्यापासून सुरुवात करू, कारण तुमच्या वहीत ‘राग’ सगळ्यात जास्त वेळा आलाय. टिटवीचं ओरडणं एकच नसतं, आणि ते कशावर अवलंबून आहे हे कळलं की घरटं न शोधताही घरट्याची अवस्था कळते. अंडी नुकतीच घातलेली असतात तेव्हा माणूस दुरून दिसला की बसलेली टिटवी गुपचूप उठते, मान खाली घालून तीस-चाळीस पावलं चालत जाते आणि तिथून ओरडत उडते. म्हणजे ती जिथून ओरडली तिथे काहीच नसतं. कधी कधी तर भलत्याच जागी अंडी उबवल्यासारखी बसून दाखवते. नवखा माणूस तिथे जाऊन खडे न्याहाळत बसतो. मीही बसलोय. अंडी फुटायला आली किंवा पिल्लं निघाली की मात्र ती लपंडाव सोडते, सरळ डोक्यावर झेप घेते, जोडीदारही येतो, शेजारची जोडीही कधी सामील होते. असा मारा सुरू झाला की जिथे असाल तिथेच थांबा आणि आल्या पावली परत फिरा. पिल्लं अंड्यातून निघाल्यावर काही तासांतच चालायला लागतात, आणि आई-बापांनी धोक्याची हाक दिली की जागीच मातीला चिकटतात. तुमच्या पायाखाली खडा आहे की पिल्लू, हे तुम्हाला दिसणार नाही.

आणि शत्रू कोण, त्यावर टिटवीचं वागणं बदलतं. कुत्रा आला तर हवेतून सूर मारते. कावळा किंवा घार आली तर उठून पाठलाग. गाय मात्र अंड्यांवर चालून आली तर टिटवी उडत नाही. पंख पसरून, गाईच्या तोंडापुढे उभी राहते. मी हे पहिल्यांदा पाहिलं ते आर्णीजवळ: गाईचं नाक आणि टिटवीची चोच यांत हातभर अंतर, टिटवीचे दोन्ही पंख जमिनीवर पसरलेले, पंखांवरची पांढरी पट्टी एकदम उघडी पडलेली. गाय थांबली, फुस्स केलं, वळून गेली. टिटवीने पंख मिटले, दोन पावलं मागे सरकली आणि खाली बसली. गाईला अंडी खायची नाहीत, फक्त तुडवायची भीती आहे, तेव्हा तिला दूर नेण्याचा उपयोग नाही, तिला वळवायचं आहे. पक्षी हा फरक करतो. तुमच्या वहीत दोन्हीला ‘राग’ एवढंच नाव आहे.

आता हद्द. दोन जोड्यांच्या हद्दीचा तंटाबखेडा पाहायला मिळाला तर नशीब समजा, कारण त्यात मारामारी क्वचित असते. बहुतेक वेळ चालण्यात जातो. अकोल्याकडे एका पांदणीच्या दोन बाजूंना दोन जोड्या होत्या. रोज सकाळी सहाच्या सुमाराला दोन्हीकडची एकेक टिटवी पांदणीजवळ यायची आणि दोघी पांदणीच्या दोन कडांनी, एकमेकींना समांतर, दहा-बारा पावलं ताठ मानेनं चालायच्या. थांबायच्या. वळायच्या. पुन्हा तेवढंच परत. मधेच एक जण खाली वाकून काडी उचलायची आणि टाकून द्यायची, जणू त्याचसाठी आली होती. वावराच्या धुऱ्यावरून कोर्टात गेलेले भाऊबंद समोरासमोर आले की एक जण उगाच बिडी शोधतो ना, तसंच. पाच-सात मिनिटांनी दोघी आपापल्या हद्दीत आत निघून जायच्या. पंखांची झटापट मी त्या जागी पूर्ण मोसमात दोनदाच पाहिली. टिटवीच्या पंखाच्या सांध्यावर बारीकसा काटा असतो, तेव्हा ती झटापट दिसते तेवढी खोटी नसते.

हद्द ओळखण्याची माझी पद्धत कागदाची आहे. माळाचा ढोबळ नकाशा काढा: बोर, हिवर, नाला, वारूळ, पांदण. दोन पक्षी समोरासमोर आले की तिथे टिंब द्या, बाजूला वेळ लिहा. आठवडाभराने पाहा. टिंबं एका रेषेत पडली तर ती हद्द. एका जागी गोळा झाली तर तिथे काहीतरी दुसरं आहे: पाणी, चारा किंवा घरटं. सगळीकडे विखुरली तर ते हद्दीचं भांडण नाही. यालाही अपवाद आहे. एप्रिल संपता संपता नाल्यात एकच डबकं उरतं तेव्हा चारही जोड्या त्यावर येतात आणि तिथे हद्द सैल होते. माझ्या पाहण्यात दुसऱ्याच्या हद्दीतलं पाणी प्यायला आलेली टिटवी मान खाली घालून, कडेकडेनं येते आणि लगेच जाते. मेच्या उन्हात पाण्यावरचं वागणं आणि मार्चच्या माळावरचं वागणं एका मापाने मोजू नका.

प्रणयाची हालचाल हद्दीच्या हालचालीपेक्षा वेगळी दिसते ती तिच्या रोखामुळे. हद्दीवर दोघी बाजू बाजूने चालतात. प्रणयात एक पक्षी दुसऱ्याच्या भोवती असतो. पिसं फुगवतो, चोच वर करतो, पाय घासत सरकतो. आणि एका मादीपुढे एकापेक्षा जास्त नर हे करत जवळजवळ उभे असू शकतात, म्हणून तिसरा पक्षी दिसला की तो ‘घुसखोर’ असं लिहायची घाई नको. त्याच्यावर कुणी धावून गेलं का, हे आधी पाहा.

यानंतर येतं खळगा करणं. टिटवी घरटं बांधत नाही, उकरते. एक पक्षी छाती जमिनीला टेकवतो, शेपूट वर करतो, पाय मागे झटकत स्वतःभोवती गोल फिरतो. माती आणि खडे मागे उडतात. मग उठून चालत दूर जाताना चोचीने खडे, वाळलेल्या लेंड्या, काड्या उचलून बाजूला, खळग्याच्या दिशेने टाकतो. जोडीदार येऊन त्याच खळग्यात बसून पाहतो. असे खळगे एक जोडी दोन-तीन करते, अंडी एकातच घालते. शेळीच्या आणि सशाच्या लेंड्यांची कड असलेला खळगा मी अनेकदा पाहिलाय. हे सगळं तुम्ही 9 मार्चला पाहिलंय का, याकडे शेवटी येतो.

आधी जे प्रदर्शन, म्हणजे दुसऱ्या पक्ष्याला दाखवायला केलेली हालचाल, नाहीच, त्याबद्दल. टिटवी पळते, थांबते, वाकते. ते चरणं आहे. ओल्या जमिनीवर ती एक पाय पुढे ठेवून थरथरवते, तेही चरणंच. पायाच्या थरथरीने किडा हलतो, आणि हललेला किडा दिसतो. धाविक हा पक्षी तुमच्या माळावर असेल तर तो याहून फसवा: तांबूस डोकं, डोळ्यावरून मागे गेलेली पांढरी आणि काळी पट्टी. वाऱ्यासारखा पळतो, एकदम ताठ उभा राहतो, मग पुढे झुकतो, जणू मुजरा करतोय. नव्या मुलांना वाटतं दरबार भरलाय. त्याला वाळवी किंवा नाकतोडा सापडलेला असतो, एवढंच.

याउलट खरं प्रदर्शन पुष्कळदा आपण बघत नाही, कारण ते हवेत असतं. नाल्याच्या रेतीवर कंठेरी चिखल्या असेल तर त्याचं उडणं पाहा. एरवी झपझप पंख मारणारा पक्षी हद्दीवरून जाताना फुलपाखरासारखे संथ, खोल पंख मारत, अंग डावी-उजवीकडे कलवत, ओरडत जातो. बरडावर डोंबारी हा चिमणीएवढा चंडोल वर जाऊन पंख मिटून खाली पडतो, जमिनीजवळ सावरतो, पुन्हा वर. नाव ठेवणाऱ्याने नीट पाहून ठेवलंय. तो टिटवी-चिखल्याच्या कुळातला नव्हे, पण माळावर हद्द राखण्याचं काम उडून कसं होतं हे शिकायला त्याच्यासारखा गुरू नाही.

आता तुमचा डिसेंबरचा थवा. इथे मला तुमचा प्रश्न सगळ्यात आवडला. तीस पक्षी एकत्र, मग तेच पक्षी वैरी कसे?

पहिलं, ते तेच पक्षी आहेत असं आपण धरून चालतो. पायात कडी घातल्याशिवाय ते सांगता येत नाही. तुमच्या चार जोड्यांतले काही त्यात असतील, काही त्या वर्षीची पिल्लं असतील, काही दुसऱ्या गावचे. पावसाळ्यात गवत कमरेइतकं वाढलं की माळटिटव्या तर माळ सोडून नांगरलेल्या, उघड्या जमिनीकडे सरकतात, आणि कुसळी, मारवेल वाळून चरून कमी झाली की परततात. टिटव्यांचे हिवाळी थवे 200 पर्यंतचेही नोंदलेले आहेत. मी स्वतः मोजलेला सर्वात मोठा 70 चा होता, एका आटलेल्या तलावाच्या काठावर.

दुसरं, तो थवा होता की नुसती गर्दी, हे तपासा. ट्रॅक्टर नांगर घेऊन निघाला की मागे बगळे, मैना, टिटव्या सगळे जमतात. ती गर्दी. किडे संपले की पांगतात, एक उडाला म्हणून दुसरा उडत नाही. थव्यात एक उडाला की बाकीचे उठतात, एकाच दिशेला जातात, एकत्र उतरतात. हिवाळ्यात राखायला अंडी नसतात. तेव्हा एका जोडीच्या चार डोळ्यांपेक्षा तीस पक्ष्यांचे साठ डोळे कामाचे. दिवसा थवा बराच वेळ नुसता बसलेला दिसतो, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. चरणं पुष्कळसं चांदण्यात होतं. पौर्णिमेच्या आसपास रात्री दहाला माळावर जाऊन ऐका, दिवसभर झोपलेला थवा कामाला लागलेला असतो.

आणि तिसरं, थव्यातही भांडण असतंच. नीट पाहाल तर बसलेल्या टिटव्यांत दोन-तीन पावलांचं अंतर राखलेलं असतं. कुणी चरत चरत जवळ आलं की मान खाली घालून छोटी धाव, आणि समोरची सरकते. फरक एवढाच की थव्यातली ही हद्द पक्ष्याबरोबर चालते. तो दहा पावलं पुढे गेला की हद्दही दहा पावलं पुढे. मार्चमधली हद्द जमिनीला खिळलेली असते. तुमच्या नकाशावरची टिंबं हेच दाखवतील: डिसेंबरची टिंबं माळभर, मार्चची रेषेत. थवा एका दिवसात मोडत नाही. जानेवारीअखेरीस थव्याच्या कडेला दोन पक्षी सतत जवळजवळ चरताना दिसू लागतात, थवा उडाला तरी मागे राहतात. पुढच्या हिवाळ्यात ती कड पाहत चला, मध्य नको.

रात्रीचा विषय निघालाच आहे तर सांगतो, रात्री माळावर ऐकू येणारी प्रत्येक हाक टिटवीची नसते. मोठे पिवळे डोळे असलेला करवानक दिवसा झुडपाखाली दगडासारखा बसून असतो आणि अंधार पडला की गळा काढतो. विदर्भाच्या झुडपी जंगलात रात्री जास्त पाहायला हवं असं मला नेहमी वाटतं. जर्डनचा धाविक हा निशाचर पक्षी एकोणिसाव्या शतकात आपल्या गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याजवळ नोंदला गेला होता. नंतर 1900 पासून तो कुणाला दिसलाच नाही, नामशेष धरला गेला, आणि 1986 मध्ये आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यात पुन्हा सापडला. इतकी वर्षं तो काटेरी झुडपात होताच, बघणारे दिवसा फिरत होते. असो, तुमचा माळ सिरोंच्यापासून फार लांब आहे.

पावसाचं तुम्ही विचारलंय, गावातले म्हणतात तसं. टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस जास्त, आणि अंडी जितकी तितके महिने पाऊस. टिटवीची अंडी बहुतेक वेळा 4 असतात, टोकं आत करून ठेवलेली, आणि पावसाळाही चार महिन्यांचा. हे भाकीत चुकणार कसं? तीन दिसली तर एक अंडं मुंगसाने नेलंय किंवा चौथं अजून यायचंय. उंचीचं म्हणाल तर अंडी मार्च-एप्रिलपासून घातली जातात आणि उंचवट्यावरून चहूकडचं दिसतं. गावच्या म्हाताऱ्यांशी यावरून वाद घालू नका. उलट त्यांना विचारा, यंदा कुठे कुठे पाहिली. त्यांच्याइतकी घरटी कुणालाच माहीत नसतात.

एक गोष्ट मात्र कान धरून सांगतो, कारण ती माझ्या हातून झालेली आहे. एका मे महिन्यात मला माळटिटवी अंड्यांवर पाणी आणते ते जवळून पाहायचं होतं. ती डबक्यात जाऊन पोट बुडवते, अंग डोलवते, पोटाची पिसं चिंब करून येते आणि अंड्यांवर उभी राहून, मग बसून त्यांना ओलावा देते. सकाळी साडेदहाला मी बाभळीच्या मागे जाऊन बसलो, घरट्यापासून बारा पावलांवर. मला वाटलं पुरेसं लांब आहे. ती पोट ओलं करून आली, मला पाहून थांबली, पाच पावलं चालली, पुन्हा थांबली. पोटावरून थेंब गळून मुरुमात काळे ठिपके पडत होते आणि बघता बघता सुकत होते. ती परत गेली, पुन्हा भिजून आली. तिसऱ्या फेरीला मी उठलो. पंचवीस मिनिटं झाली होती, पारा 44 च्या आसपास. त्या घरट्यातून काहीच निघालं नाही. दिवस भरून गेल्यावरही जोडी बसत राहिली आणि मग सोडून गेली. माझ्यामुळेच झालं असं छातीठोक सांगता येत नाही. माझ्यामुळे झालं नाही, असंही मला कधी म्हणता आलं नाही. तेव्हापासून एप्रिल-मेत सकाळी साडेआठनंतर आणि संध्याकाळी पाचच्या आधी मी घरट्याच्या बाजूला फिरकत नाही, आणि पक्षी दहा मिनिटांत अंड्यांवर परतला नाही तर निघून येतो. कायद्यानेही, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात, पक्ष्यांच्या घरट्याला किंवा अंड्यांना उपद्रव देणं शिकारीच्या व्याख्येत बसतं.

शेतकऱ्याच्या वावरात घरटं सापडलं तर त्याला सांगा जरूर, पण काडी किंवा झेंडी रोवू नका. कावळा आणि कुत्रा दोघेही झेंडी वाचायला लवकर शिकतात. धुऱ्यापासून नांगराची किती तासं (ओळी), कुठल्या झाडाच्या सरळ, असं सांगा. वखर फिरवताना तेवढी जागा सोडून देणारे शेतकरी मी पुष्कळ पाहिलेत, न सांगता सोडणारेही. घरट्याचा फोटो आणि ठिकाण मोबाइलवर कुणाला पाठवू नका.

मुलांना माळावर न्या, पण डिसेंबरात, थव्याकडे. प्रत्येकाला एकच पक्षी द्या आणि दहा मिनिटं फक्त तोच पाहायला सांगा: किती पावलं चालला, किती वेळा वाकला, कुणाकडे तोंड होतं. नंतर सगळ्यांच्या नोंदी एकत्र केल्या की थवा आपोआप उभा राहतो. आत्ता मार्चमध्ये तीस मुलं माळावर नेलीत तर ती टिटवी पाहणार नाहीत, टिटवी त्यांना पाहील. शाळेच्या भिंतीवरून दुर्बीण घेऊन दोघा-दोघांना दाखवा, तेवढं भरपूर आहे.

आता 9 मार्चचं पान. तुम्ही लिहिलंय: ‘हिवराच्या उजवीकडे एक टिटवी धुळीत अंघोळ करत होती. छाती खाली, शेपूट वर, गोल फिरत होती. दुसरी जवळ खडे उचलून फेकत होती, बहुधा खेळ.’ टिटवी धुळीत अंघोळ करताना मी कधी पाहिली नाही. ते चिमण्यांचं आणि चंडोलांचं काम. शीर्षक चुकलंय, पण खालचं वर्णन इतकं अचूक आहे की मला जागेवर न येता कळलं, त्या दिवशी तिथे खळगा उकरला जात होता. तीच एक नोंद अशी आहे जिथे तुम्ही अर्थाबरोबर हालचालही लिहिलीत. त्याच खळग्यात अंडी पडतील असं नाही, दोन-तीन खळगे असतात. पण पडली असतील तर चार अंडी पूर्ण व्हायला आठवडाभर आणि मग उबवायला 28 ते 30 दिवस. म्हणजे एप्रिलच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हिवराच्या उजवीकडून जाऊ नका, नाल्याच्या बाजूने वळसा घाला. आणि त्या सुमारास दोन्ही टिटव्या एकदम डोक्यावर झेपावल्या, तर तारीख आणि वेळ मला कळवा.